लेणी, मोहोळ आणि आपला आवाज

आपल्या निवासी शाळेच्या या स्मरणिकेसाठी वसतिगृहातील आठवणी लिहाव्यात, असे संपादक मंडळाने सुचविले. आठवणी पुष्कळ आहेत. परंतु सत्काराच्या प्रसंगी माणूस आपल्या चुका सहसा सांगत नाही, आणि विद्यार्थ्यांना तर आमच्या चुकाच अधिक उपयोगी पडतात. म्हणून मी येथे एक चूक सांगणार आहे. ती प्रथम माझ्या हातून घडली. पुष्कळ वर्षांनी तीच चूक माझ्या डोळ्यांसमोर दुसऱ्यांच्या हातून घडली, तेव्हा कोठे ती मला नीट दिसली.

१९९१ साल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मशताब्दीचे ते वर्ष. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. जुन्नरच्या दक्षिणेस मानमोडीचा डोंगर आहे. तेथील लेण्यांत वैशाखी पौर्णिमेला बुद्धवंदना घ्यायची, असे आम्ही काही विद्यार्थ्यांनी ठरविले. भाड्याचा कर्णा, त्याची बॅटरी आणि दोन पेट्या आम्ही आळीपाळीने खांद्यावर वाहून वर नेल्या. घामाने भिजलो होतो, पण छाती अभिमानाने भरून आली होती. कर्णा बांधत असताना गुरांमागे आलेले एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. महादेव कोळी समाजातील असावेत. ते म्हणाले, "ताई, कर्णा नका लावू. वर आग्या मव्हळ बसलंय."

मी मान वर करून पाहिलेसुद्धा नाही. मी त्यांना उत्तर दिले, "मामा, दोन हजार वर्षं ही लेणी मुकी होती. आज तरी बोलू द्या त्यांना."

ते काही बोलले नाहीत. गुरे घेऊन पलीकडे निघून गेले. त्या दिवशी काही अघटित घडले नाही, आणि म्हणूनच मामांचे म्हणणे खोटे ठरले, असे मी मानले. मामा मला गप्प बसवू पाहत होते, असेच तेव्हा वाटले होते. आम्हाला गप्प बसविणारे लोक आम्ही इतके पाहिले होते, की सावध करणारा माणूस कोणता आणि गप्प बसविणारा कोणता, हे ओळखण्याची सवयच उरली नव्हती.

हे समर्थन नव्हे. तथापि त्यामागचा इतिहास विद्यार्थ्यांनी समजून घेतला पाहिजे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी आपले पहिले पाक्षिक काढले, त्याचे नाव 'मूकनायक'. ज्यांना वाचा असून बोलता येत नाही, अशांचा नायक. वाजतगाजत वरात काढावी, तर मार खावा लागे. सार्वजनिक रस्त्याने मोठ्याने बोलत जावे, तर तो उद्धटपणा ठरे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, तेव्हा पाण्याच्या हक्काबरोबर चारचौघांत ताठ मानेने उभे राहण्याचा हक्कही प्रस्थापित झाला. माझ्या आजोबांच्या पिढीने जयंतीच्या मिरवणुकीत पहिल्यांदा ढोल वाजविला, तेव्हा त्यांच्या दृष्टीने ते संगीत नव्हते. ते अस्तित्वाचे जाहीर निवेदन होते. ज्या समाजाला शतकानुशतके मौन लादून दिले गेले, त्याला 'हळू बोला' असे सांगणाऱ्याने दहादा विचार करावा, असे मला आजही वाटते.

आता दुसरा प्रसंग. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या अखेरीस आठवीच्या मुलामुलींना घेऊन मी त्याच डोंगरावर गेले होते. इतिहासाचा तास लेण्यांतच घ्यावा, हा माझा जुना हट्ट. जुन्नरच्या परिसरात दोनशेहून अधिक लेणी आहेत. इतकी लेणी एका गावाभोवती अन्यत्र क्वचितच आढळतील. नाणेघाटातून उतरून कोकणच्या बंदरांकडे जाणारा व्यापार या गावावरून जात असे, आणि त्या व्यापाऱ्यांच्या, कारागिरांच्या, सामान्य उपासकांच्या दानातून ही लेणी खोदली गेली. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या एका हेरणिकाच्या, म्हणजे सोन्याचांदीचा व्यवहार करणाऱ्या गृहस्थाच्या, सुलसदत्त नावाच्या पुत्राने दिले. शिवनेरीवर इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. मानमोडीला नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याने मंडप व टाके दिले. राजापेक्षा रयतेची नावे येथे अधिक आहेत, हे मुलांना दाखवायला मला फार आवडते.

ब्राह्मी अक्षरे मुले बोटाने हवेत गिरवीत होती, तोच खालच्या पायवाटेने पाच-सहा तरुण आले. त्यांच्यापैकी एकाच्या पाठीवरच्या पिशवीत ब्लूटूथ स्पीकर होता, दुसऱ्याच्या हातात ड्रोन. त्यांना चित्रफीत करायची होती. स्पीकर लेण्याच्या ओसरीत ठेवला गेला. कातळात कोरलेल्या पोकळीत आवाज कसा घुमतो, हे ज्याने ऐकले आहे त्यालाच कळेल. भिंतींवर आपटून तो परत परत येत राहतो. वटवाघळे आतल्या काळोखातून भर उन्हात बाहेर पडली. पारवे उडाले. मग ड्रोन वर गेला आणि दर्शनी भागाच्या कपारीखाली लोंबणाऱ्या मोठ्या काळ्या पोळ्यासमोर घोंघावत थांबला. ते पोळे फार सुंदर दिसत होते, हे खरे. पोळ्याच्या पृष्ठभागावरून एक लाट गेली, मग दुसरी. आंबेगावच्या पश्चिम भागातील ठाकर वस्तीतली आमची एक मुलगी माझ्या शेजारी उभी होती. ती अगदी हळू म्हणाली, "बाई, आत चला. ती आता उठणार."

या वेळी मात्र मी ऐकले. आम्ही मुलांना भिक्खूंच्या कोठड्यांत ढकलले आणि दारांवर ओढण्या व सतरंज्या धरल्या. दोन हजार वर्षांपूर्वी ध्यानासाठी खोदलेल्या त्या अंधाऱ्या खोल्यांनी त्या दिवशी मुले वाचविली. सगळी मात्र वाचली नाहीत. पाणी प्यायला टाक्याकडे गेलेल्या दोघांना माशांनी गाठले. त्यांतल्या एकाच्या मानेवर, चेहऱ्यावर तीसहून अधिक काटे रुतलेले आम्ही नंतर मोजले. तो ओरडतही नव्हता. नुसता थरथरत होता. ते पाहिल्यापासून रात्री कधी झोपमोड झाली, की प्रथम त्याचाच चेहरा डोळ्यांसमोर येतो. ज्या आईने आपले मूल विश्वासाने वसतिगृहात ठेवले, तिला मी काय सांगणार होते?

त्या तरुणांपैकी एकाने त्याला आपल्या मोटारसायकलवर मध्ये बसवून रुग्णालयात नेले. त्यालाही सात-आठ माशा चावल्या होत्या. मागे मी बसले होते. वाटेत मला त्याच्या गाडीच्या पुढच्या पाटीवर निळ्या अक्षरांत लिहिलेले दिसले : जय भीम. आणि तेव्हाच माझ्या ध्यानात आले, की मघाशी त्या स्पीकरवर वाजत होते ते भीमगीत होते. गोंधळात मला ते ऐकूच आले नव्हते.

मुलगा दोन दिवसांनी बरा होऊन परतला. पुढच्या रविवारी तो तरुण वसतिगृहात त्याची चौकशी करायला आला. बराच वेळ खाली पाहत बसला. मग म्हणाला, "बाई, आम्ही काही वाईट लावलं नव्हतं. आपलंच गाणं होतं."

त्या वाक्याला माझ्याजवळ लगेच उत्तर नव्हते. कारण ते वाक्य माझेच होते. १९९१ साली मामांना मी जे सांगितले, तेच तो मला सांगत होता. मी त्याला कर्ण्याची गोष्ट सांगितली. पुढे आम्ही दोघेही काही वेळ गप्प होतो.

त्यानंतर मी विनयपिटकातील आणि सुत्तपिटकातील काही भाग पुन्हा काढून वाचले. पूर्वी परीक्षेसाठी वाचले होते. आता गरजेसाठी वाचले. मज्झिम निकायात चातुमसुत्त आहे. सारिपुत्त व मोग्गल्लान यांच्याबरोबर सुमारे पाचशे भिक्खू चातुमा गावी आले. निवासाची जागा लावताना, पात्रे-चीवरे ठेवताना त्यांनी इतका गलका केला, की मासळी ओढणारे कोळीच ओरडत आहेत की काय, असे भगवंतांनी विचारले आणि त्या सर्वांना परत पाठवून दिले. भिक्खू दुर्जन नव्हते. ते एकमेकांना आनंदाने भेटत होते. तरीही त्या गलक्याला तेथे जागा नव्हती. परंतु कथा तेथे संपत नाही. शाक्यांनी विनंती केली, नव्याने दीक्षित झालेल्यांचा विचार करा म्हणून सांगितले, आणि भगवंतांनी त्यांना पुन्हा जवळ घेतले. शिस्त आणि करुणा या दोन्ही गोष्टी त्या एका सुत्तात आहेत. त्या तरुणाला दारातून हाकलून न देता मी चहा दिला, याचे समाधान ते वाचल्यावर वाटले.

वर्षावासाचा नियम कसा आला, हेही महावग्गात सांगितले आहे. भिक्खू पावसाळ्यातही फिरत, हिरवे अंकुर तुडवीत, पायांखाली लहान जीव मरत. लोक म्हणू लागले, की पक्षीसुद्धा पावसाळ्यात झाडावर घरटे करून स्थिर राहतात, मग या श्रमणांना ते का जमू नये? भगवंतांनी ही टीका रास्त मानली आणि संघाला तीन महिने एके ठिकाणी राहण्याची आज्ञा दिली. संघाने आपली चाल मुंगीकडे आणि गवताकडे पाहून बदलली. ही लेणी त्याच वर्षावासासाठी आहेत. म्हणजे लहान जिवांची काळजी हेच या लेण्यांच्या जन्माचे एक कारण आहे. तेथेच मी कर्णा नेला होता.

सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे. तीत पोपट, मैना, हंस यांच्याबरोबर वटवाघूळही आहे. अरण्य विनाकारण जाळू नये, अशी आज्ञा आहे. आणि आपल्या मानमोडीच्याच एका शिलालेखात अडुथुम नावाच्या शक उपासकाचे दान नोंदले आहे. एका गावची वीस निवर्तने जमीन करंजाच्या झाडांसाठी आणि दुसऱ्या गावची नऊ निवर्तने वडाच्या झाडांसाठी त्याने कोणाचिक येथील श्रेणीकडे लावून दिली. परदेशातून आलेला एक माणूस येथे सावलीची व्यवस्था करून गेला. आपण त्याचे वारस म्हणवतो, तर आपण काय ठेवून जातो, हा प्रश्न प्रत्येक सहलीने स्वतःस विचारावा.

माशांविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण अज्ञानातून भीती येते आणि भीतीतून जाळपोळ. आग्या माशी आपल्याकडील मधमाश्यांत सर्वांत मोठी. ती पेटीत राहत नाही. उंच कड्याला किंवा झाडाला एकच उघडे पोळे बांधते. त्यावर माशांचा जिवंत पडदा असतो. त्या पडद्यावरून जाणारी लाट ही शत्रूला दिलेली पहिली सूचना. तिला आपल्यासारखे कान नाहीत. पण कंप, वारा, धूर आणि उग्र वास तिला चांगले जाणवतात. दगड, फटाका, शेकोटी, अत्तराचा फवारा किंवा पोळ्यासमोर थांबलेला ड्रोन यांपैकी एकही गोष्ट पुरे होते. एक माशी डसली, की पिकलेल्या केळासारखा वास सुटतो आणि त्या खुणेवर बाकीच्या येतात. डसणारी माशी स्वतः मरते. म्हणजे ती हौसेने हल्ला करीत नाही. घर वाचविण्यासाठी जीव देते. आपल्या तालुक्यांत कांद्याच्या बियाण्यासाठी ठेवलेल्या गोंड्यांवर याच माशा परागीकरण करतात. त्यांनी पाठ फिरविली, तर शेतकऱ्याच्या हाती बी कमी येईल.

हा प्रश्न एका मोहोळापुरता नाही. आंबेगावच्या पश्चिमेस भीमाशंकर अभयारण्य आहे. १९८५ साली ते जाहीर झाले; क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर. आपला राज्यप्राणी शेकरू तेथे राहतो. तो झाडाच्या शेंड्यावर काटक्यांची घरटी बांधतो, फांद्यांवरून फांद्यांवर जातो, जमिनीवर क्वचितच उतरतो. आहुपे परिसरातील आमचे विद्यार्थी सांगतात, की शेकरू दिसण्याआधी ऐकू येतो. त्याची कडक हाक आली, की वर गरुड आहे किंवा खाली काही फिरते आहे, हे समजते. रान हे आधी ऐकायचे असते. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी मात्र तेथे गाड्यांचे भोंगे आणि स्पीकर यांखेरीज काही ऐकू येत नाही. ज्या आदिवासी कुटुंबांनी देवराईत कुऱ्हाड चालविली नाही आणि हिरडा वेचून संसार केला, त्यांनाच आपल्या अंगणात एकमेकांशी ओरडून बोलावे लागते.

कायदे आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात वन्यप्राण्यास छेडणे वा त्रास देणे मना आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. मी एका कार्यालयाकडे अर्ज केला. त्याचे उत्तर आजवर आलेले नाही. पण माझी खरी शंका निराळी आहे. शांततेचा नियम गरिबाच्या जयंतीला एक आणि श्रीमंताच्या मोटारीतील संगीताला दुसरा, असा लागू होऊ लागला, तर ती शांतता नव्हे. ते जुनेच लादलेले मौन. म्हणून नियम सर्वांना सारखा असला पाहिजे : गडावर घोषणा देणाऱ्यांना, देवळाच्या कर्ण्याला, ड्रोनच्या हौशींना आणि आपल्या धम्मसहलींना. आणि दुसऱ्यास सांगण्याचा अधिकार मिळवायचा, तर आरंभ आपल्यापासून झाला पाहिजे.

शांतता ही कोणाची हौस आहे, असे ज्यांना वाटते त्यांना मी खोडदला घेऊन जाते. आपल्याच जुन्नर तालुक्यात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली विशाल रेडिओ दुर्बीण उभी आहे. मानवनिर्मित रेडिओ लहरींचा गोंधळ येथे कमी, म्हणून ही जागा निवडली गेली. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात आमची मुले तेथे जातात. फार दूरवरून आलेला अतिशय क्षीण संकेत टिपायचा, तर जवळचा गोंधळ थांबवावा लागतो, हे तेथील प्रत्येक शास्त्रज्ञ जाणतो. त्या गोंधळाचा प्रकार निराळा, पण तत्त्व तेच. ज्याला ऐकायचे आहे, त्याला शांतता राखावी लागते.

आमच्या शाळेने त्या प्रसंगानंतर काही साधे नियम केले. लेण्यांत वंदना आपल्या कंठाने म्हणायची, यंत्राने नाही. वर जाण्यापूर्वी एक मोठा विद्यार्थी कपारी पाहून येतो; मोहोळ असेल, तर तास पायथ्याशी होतो. वाटेत कोणी स्पीकर घेऊन भेटले, तर भांडायचे नाही. मोहोळ दाखवायचे आणि काय घडते ते सांगायचे. पुष्कळ लोक ऐकतात. काही हसतात. एकदा एका गृहस्थांनी मुलांना उद्देशून जातिवाचक शब्द उच्चारला आणि आवाज आणखी वाढविला. त्या दिवशी मुले रडत परतली. हेही मी लपवीत नाही. तो तरुण आता सहलीच्या दिवशी सुट्टी घेऊन आमच्याबरोबर येतो. तोच पुढे होऊन लोकांशी बोलतो, कारण त्याच्या तोंडून ते अधिक पटते. ड्रोन त्याच्या मित्राजवळ अजून आहे; लग्नसमारंभात त्याला काम मिळते, आणि ते योग्यच आहे.

गेल्या वैशाखी पौर्णिमेला आम्ही मानमोडीला गेलो होतो. चाळीसएक कंठांनी त्रिसरण-पंचशील म्हटले. आवाज त्या कातळात घुमला आणि विरला. मग आम्ही थोडा वेळ बसून राहिलो. पाकोळ्या आत-बाहेर करीत होत्या. वरच्या कपारीतून मोहोळाचा एकसुरी गुंजारव स्पष्ट ऐकू येत होता. १९९१ सालीही तो तेथे असणारच. गुरांमागचे ते मामा आता हयात असण्याचा संभव नाही. त्यांची क्षमा मागायची राहून गेली, म्हणून ती येथे लिहून ठेवते.

विद्यार्थी मित्रहो, बाबासाहेबांनी आपल्याला आवाज दिला. तो अन्यायाविरुद्ध उठवा. त्या वेळी कोणी 'हळू' म्हणाले, तर मुळीच ऐकू नका. पण ज्यांना वाचा नाही अशा जिवांच्या घरात शिराल, तेव्हा तोच आवाज स्वतःहून खाली आणा. मुक्यांच्या नायकाचे आपण अनुयायी आहोत. त्या मुक्यांत लेण्यांवरची माशी आणि रानातला शेकरूही मोजावा, एवढीच माझी विनंती आहे.

जय भीम.